सर्व्हिस पिस्तूल २५ मीटरवर किती अचूक मारतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खात्याकडून मिळालेलं ९ एमएमचं पिस्तूल आहे, स्पर्धेच्या सरावात २५ मीटरवर दहा राउंड ताटाएवढ्या जागेत पसरतात, आणि सोबतचे सांगतात की सर्व्हिस पिस्तूल दहा मीटरच्या पुढचं हत्यारच नाही, त्याची नळी हलती असते, दुसरं मागून घे. मागावं का?

इतक्यात मागू नका. ठीकठाक अवस्थेतलं सर्व्हिस पिस्तूल, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या आणि मनगटाखाली वाळूची पिशवी एवढं असलं, तर २५ मीटरवर दहा राउंडचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, माझ्या अनुभवात ६ ते १० सेंटिमीटरमध्ये बसतो. मोजायचं ते सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. चांगलं ग्लॉक (ऑस्ट्रियन बनावटीचं पिस्तूल) या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असतं. बरंच वापरलेलं ९ एमएम १ए, म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं पिस्तूल, वरच्या टोकाला किंवा थोडं बाहेर जातं. पण ताट? ताट पिस्तुलाचं नाही.

हे आकड्यांत मांडतो, कारण रेंजवर यावरच सगळ्यांत जास्त वाद होतात. पिस्तुलाचा पसारा आणि तुमचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका आहेत, त्यामुळे दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. समजा पिस्तूल ८ सेंटिमीटरचं आहे आणि तुमचा हात २५ सेंटिमीटरचा. एकूण ग्रुप येतो सुमारे २६. आता कुणी तुम्हाला ४ सेंटिमीटरचं, म्हणजे दुप्पट अचूक पिस्तूल दिलं. ग्रुप येईल २५ च्या किंचित वर. एवढा अर्ज-विनंतीचा खटाटोप करून पदरात पडला एक सेंटिमीटर. उलट तुमचा हात २५ वरून १२ वर आला, तर तेच जुनं पिस्तूल साडेचौदाचा ग्रुप देईल.

याचा अर्थ पिस्तुलाला कधीच महत्त्व नसतं असं नाही. ज्याचा हात ६ सेंटिमीटरचा आहे, त्याला ८ च्या पिस्तुलाने १० मिळतात आणि ४ च्या पिस्तुलाने ७. त्याच्यासाठी हा फरक म्हणजे पदक. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत नेमबाज जसपाल राणांनी २५ मीटर सेंटर फायरमध्ये (.२२ हून मोठ्या गोळीच्या पिस्तुलांच्या प्रकारात) ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. तिथे पिस्तूल, गोळी, मूठ सगळंच मिलिमीटरच्या हिशोबाने निवडावं लागतं. तुम्ही आम्ही अजून त्या दाराशीही नाही.

आता टार्गेट बघू. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, नऊचं १००, आणि सातपर्यंतचा काळा भाग २००. भोक रेघेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो. सेंटर फायरमध्ये शंका आली तर ९.६५ मिलिमीटरचा गेज घालून पाहतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून जवळजवळ ३० मिलिमीटर दूर असला तरी दहा लागू. थोडक्यात, ६ सेंटिमीटरचा ग्रुप देणारं पिस्तूल नीट झीरो केलेलं, म्हणजे ग्रुप मध्यावर पडेल असं साईट जुळवून ठेवलेलं असेल तर कागदावर तरी ते सगळ्या गोळ्या दहात टाकू शकतं. १० सेंटिमीटरचं पिस्तूल दहा आणि नऊ यांच्यात राहील. जे पिस्तूल स्वतःहून आठच्या खाली जात नाही, त्याच्या नावाने बिलं फाडण्यात अर्थ नाही.

ग्रुपबद्दल एक सावधगिरी. मोबाइलवर फिरणारे बहुतेक फोटो तीन राउंडचे असतात, आणि तीन राउंड कुणालाही हिरो करतात. त्याच पिस्तुलाचा, त्याच हाताचा पाच राउंडचा ग्रुप सरासरीने सव्वापट भरतो आणि दहाचा दीडपटीहून थोडा जास्त. पिस्तूल बिघडलेलं नसतं, फक्त जास्त गोळ्यांना जास्त संधी मिळते. म्हणून कुणी "माझं पिस्तूल पाच सेंटिमीटर मारतं" म्हणालं की आधी विचारा, किती राउंडचा, आणि त्या दिवशी किती ग्रुप टाकले त्यातला हा कितवा. उडालेला राउंड "तो माझा गेला" म्हणून मोजणीतून काढणारे तर प्रत्येक रेंजवर असतात.

नळी हलते, याबद्दल. हलते हे खरं आहे. ब्राउनिंगच्या पद्धतीच्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आणि नळी एकत्र मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली उतरतं, दोघांना अडकवणारं कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटीच आणखी मागे जाते. यावरून लोक समजतात की नळी झुकताना गोळी भलतीकडे जाते. तसं होत नाही, आणि का होत नाही तेही मोजता येतं. ९ एमएमची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, स्लाइड आणि नळी मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. गोळी नळीत नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जाते तेवढ्यात स्लाइड जेमतेम दीड मिलिमीटर मागे आलेली असते. कुलूप सुटायला त्याहून जास्त सरकावं लागतं. नळी झुकेपर्यंत गोळी बाहेर पडून गेलेली असते.

खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. प्रत्येक राउंडनंतर स्लाइड पुढे येऊन बंद होते, तेव्हा नळी दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसते का? साईट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, स्लाइडवर असतात, नळीवर नसतात. नळी स्लाइडमध्ये वेगळ्या कोनात बसली, तर तुम्ही नेम कितीही चोख धरा, गोळी वेगळीकडे जाणार. तोंडाशी ०.१ मिलिमीटरचा सैलपणा असेल आणि नळी त्यात मनाला येईल तशी बसत असेल, तर २५ मीटरवर तेवढ्यानेच दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. तोंड आणि मागचा भाग घट्ट बसवला की ग्रुप आवळतो. अमेरिकेत .४५ च्या १९११ पिस्तुलावर आर्मररांनी, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, नेमकं हेच केलं: तोंडाचं बुशिंग (नळीभोवतीचं कडं) जुळवून बसवलं, स्लाइडचे रूळ आवळले, नळीची मागची पट्टी फिट केली. १९५० च्या दशकापासून त्यांच्याकडे नॅशनल मॅच म्हणून अशी पिस्तुलं बांधली जात होती. ओहायोतल्या कॅम्प पेरीला स्पर्धक सर्व्हिस पिस्तुलाने ५० यार्डांवर, उभं राहून, एका हाताने मारतात. तिथल्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ सुमारे साडेआठ सेंटिमीटरचं. दहा मीटरच्या पुढे कामाचं नाही म्हणणाऱ्यांना हे एवढं सांगून सोडून द्या.

मग सगळीच सर्व्हिस पिस्तुलं इतकी घट्ट का बांधत नाहीत? कारण ती चिखलात, घामात, आठवडाभर न पुसता होल्स्टरमध्ये राहूनही चालली पाहिजेत. घट्ट पिस्तूल अडकतं. सैलपणा तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. अपवाद एकच ठळक: स्विस सैन्याने १९४९ मध्ये घेतलेलं सिगचं पी२१०. स्लाइड फ्रेमच्या बाहेरून नाही तर आतून धावते, रूळ लांब, काम घड्याळजी लोकांच्या देशाला शोभेल असं. पिस्तुलासोबत ५० मीटरवर मारलेलं चाचणीचं टार्गेट मिळायचं. ते सैन्याचंच पिस्तूल होतं, स्पर्धेसाठी म्हणून बांधलेलं नव्हतं. किंमतही तशीच होती, म्हणून जगातल्या फार थोड्या सैन्यांनी तो नाद केला.

आता तुमच्या ताटाकडे येतो. ते बहुतेक दोन गोष्टींतून आलं आहे: साईट आणि ट्रिगर.

ग्लॉक १७ वर फोरसाईट (पुढची उभी पट्टी) आणि बॅकसाईट (मागची खाच) यांच्यातलं अंतर सुमारे १६५ मिलिमीटर आहे, १ए वर त्याहून किंचित कमी. एवढ्या छोट्या पट्टीवर तुम्ही २५ मीटरची रेघ ओढता आहात. फोरसाईट बॅकसाईटच्या खाचेत ०.१ मिलिमीटर बाजूला गेली, तर टार्गेटवर १५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर गेली, तर साडेसात सेंटिमीटर, म्हणजे दहावरून थेट आठ. अर्धा मिलिमीटर तुम्हाला दिसतो, पण डोळा टार्गेटवर असेल तर दिसत नाही. इथेच बहुतेकांचं बिनसतं. काळं वर्तुळ स्पष्ट दिसावं असं वाटतं, डोळा तिकडे पळतो आणि फोरसाईट धूसर होते.

त्या मानाने हात हलणं फार स्वस्तात पडतं. साईट एकमेकींशी जुळलेल्या असतील, तर टार्गेटवर त्या जितक्या सरकलेल्या दिसतात तितकीच चूक होते, एका मिलिमीटरनेही जास्त नाही. अख्ख्या काळ्यात फिरत राहिल्या तरी गोळी काळ्यातच, म्हणजे वाईटात वाईट सात. हात कुणाचाच थांबत नाही. जागतिक स्पर्धेतल्या माणसाचाही नाही. त्याचं फिरणं लहान असतं, आणि त्या फिरण्याची त्याला भीती नसते.

फोरसाईट किती जाड आहे तेही लक्षात घ्या. साडेतीन मिलिमीटरची पट्टी डोळ्यापासून पाऊण मीटरवर धरली, तर २५ मीटरवर ती जवळजवळ १२ सेंटिमीटर जागा झाकते. नऊचं वर्तुळ अख्खं तिच्यामागे जातं. तिने दहाचा "मध्य" शोधत बसणं व्यर्थ आहे. काळ्याच्या खाली थोडी पांढरी फट ठेवून त्या पट्ट्यात धरा, रोज तेवढीच फट. मग गोळ्या वर-खाली जिथे पडतील तिथून झीरो बघता येईल. ज्या पिस्तुलाचं झीरो फोरसाईटच्या टोकावरच आहे त्यात या पद्धतीने ग्रुप खाली पडेल, पडू द्या. ग्रुप आधी लहान करायचा, मध्यावर नंतर आणायचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखे दोन्ही एकदम करायला जाऊन दोन्ही घालवतात.

साईटवरचे पांढरे ठिपके अंधारात, जवळच्या अंतरावर कामाचे. प्रिसिजनला ते डोळ्याला चकवतात, कारण ठिपके जुळवताना वरच्या कडा जुळायच्या राहतात. सरावापुरते काळ्या मार्करने झाका. उन्हात फोरसाईटची एक बाजू चकाकत असेल तर जुन्या लोकांची काजळी अजूनही चालते.

ट्रिगरचं गणित तर आणखी क्रूर आहे. भरलेलं ग्लॉक १७ साधारण ९०० ग्रॅमचं. त्याच्या ट्रिगरला लागतो अडीच किलोच्या आसपास जोर, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या पावणेतीनपट. हा जोर जरा तिरका लागला की पिस्तूल वळणारच. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाला नियमाने किमान १००० ग्रॅमचा ट्रिगर हवा आणि खेळाडू त्याच्या जवळपासच ठेवतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते .२२ च्या अशाच पिस्तुलाने, हाताच्या मापाने कोरलेल्या मुठीने. त्यांच्या आणि तुमच्या टार्गेटमध्ये फरक नाही, ट्रिगरमध्ये आहे. १ए वर आणखी एक भानगड: मॅगझिन काढल्यावर पिस्तूल चालू नये म्हणून त्यात एक सुरक्षेचा भाग आहे, तो ट्रिगर ओढताना मॅगझिनला घासत जातो. त्यामुळे ओढ खरखरीत लागते. तो काढून टाकण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. काढू नका. सरकारी हत्यार आहे, आणि तो भाग तिथे कारणाने आहे.

उजव्या हाताने मारणाऱ्याचा ग्रुप खाली-डावीकडे ओघळत असेल, तर पिस्तुलाला हातही लावू नका, आधी ही परीक्षा घ्या. सोबतच्याला सांगा की मॅगझिनमध्ये खऱ्या राउंडमध्ये दोन-तीन ड्रिल राउंड (न उडणारे, सरावाचे) त्याच्या मनाने मिसळून भर. तुम्हाला माहीत नसावं कुठला कुठे आहे. ड्रिल राउंडवर ट्रिगर सुटेल, आवाज होणार नाही, धक्का बसणार नाही, आणि फोरसाईट तरीही खाली आपटताना दिसेल. धक्का येणार म्हणून हात आधीच खाली दाबला जातो. हे पाहिल्यावर पिस्तूल बदलून मागण्याचा विषय बहुतेकांच्या तोंडून आपोआप जातो. उपाय कंटाळवाणा आहे: रिकाम्या पिस्तुलाने, दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीसमोर ड्राय प्रॅक्टिस. भिंतीवर टार्गेट नको. नुसती फोरसाईट बघायची आणि ट्रिगर सुटताना ती हलली का एवढंच पाहायचं. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

गोळ्यांबद्दल लोक फार बोलतात, तेवढं त्यात नाही, पण काहीच नाही असंही नाही. आपल्याकडचा ९ एमएम दारूगोळा बनवणारी खडकीची फॅक्टरी १८६९ पासूनची आहे, आणि तिच्या पुंगळ्यांच्या बुडावर केएफ अक्षरं दिसतात. सर्व्हिसची गोळी कुठल्याही देशातली असो, ती हरेक हवेत आणि हरेक हत्यारात चालावी म्हणून बनते. दहात बसण्यासाठी वेगळा मॅच दारूगोळा असतो. तुमच्या हातात एवढंच आहे की एका सरावात एकाच लॉटचे राउंड वापरायचे आणि बॉक्सवरचा लॉट नंबर वहीत लिहायचा. दोन लॉट मिसळले की ग्रुप उभा ताणला जातो. गंमत अशी की जवळच्या अंतरावर हळू गोळी बहुधा वर लागते. ती नळीत जरा जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड वर आलेलं असतं. म्हणून "गोळी कमजोर आहे, खाली पडली" हे २५ मीटरवर सहसा निमित्तच असतं. उन्हात जीपच्या बॉनेटवर राउंडचा बॉक्स ठेवू नका, बस.

५० मीटरचं विचारलं नाहीत, पण विचाराल. पिस्तुलाचा पसारा तिथे दुपटीहून थोडा जास्त होतो, म्हणजे ८ चं पिस्तूल १६-१८ वर जातं. पंचवीसला झीरो असेल तर ९ एमएमची गोळी पन्नासला सुमारे ४ सेंटिमीटर खाली जाईल, तेवढं सांभाळता येतं. पण फोरसाईट आता २३ सेंटिमीटर झाकते, अख्ख्या काळ्यापेक्षा जास्त. तरी महिन्यातून एकदा पन्नासवर मारून बघा. पंचवीसला जे लपून जातं ते पन्नासला कागदावर येतं, आणि परत पंचवीसवर आलं की काळं मोठं वाटायला लागतं.

तर पिस्तुलाचा निकाल असा लावा. पिशवी मनगटाखाली आणि हातांखाली ठेवा, पिस्तुलाच्या फ्रेमखाली किंवा नळीखाली नको, नाहीतर ते पिशवीवर उडून वेगळीकडे मारतं. एकाच लॉटचे दहा-दहा राउंड, असे तीन ग्रुप, घाई नाही. मग तेच पिस्तूल, त्याच गोळ्या, तुमच्याहून चांगल्या हाताकडे द्या आणि त्यालाही तसेच तीन टाकू द्या. त्याचे १० सेंटिमीटरच्या आसपास आले आणि तुमचे २० च्या वर, तर पिस्तूल निर्दोष सुटलं. दोघांचेही लहान आले पण एकाच बाजूला पडले, तर बॅकसाईट सरकवायची आहे: २५ मीटरवर ५ सेंटिमीटरसाठी एक तृतीयांश मिलिमीटर, आणि ज्या बाजूला गोळी न्यायची त्याच बाजूला. ते काम आर्मररचं, हातोडीचं नाही. दोघांचेही १५ च्या वर गेले, तर नळीचं तोंड आणि मागचा बसका तपासून घ्या. स्लाइड बंद असताना नळीच्या मागच्या भागावर वरून अंगठ्याने दाबा. खाली दबत असेल तर झीज आहे. नळी आतून नीट घासून झाली आहे ना तेही बघा, पाच मिनिटांच्या सफाईने सुटणारी तक्रार घेऊन आर्मररकडे गेलात तर तो पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाही. झीज निघाली तर ती सहा टार्गेटं, लॉट नंबर आणि तारीख लिहून, अर्जाला जोडा. नुसतं "पिस्तूल बरोबर मारत नाही" असं लिहिलेल्या अर्जाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.